ताईचं एक मत

चहा ओता, तोवर आमच्या ताईच्या निवडणुकीचं सांगते. ताई इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात नर्स आहे. यंदा तिथल्या कौन्सिलला उभी राहिली आणि एका मताने पडली. इकडे आखातात, रुवीतल्या आमच्या घरी, बाबांनी पेढे आधीच आणून ठेवले होते.

व्हिडिओ कॉलवर ताई रडवेली झालेली. मी म्हटलं, "एक मत! कोण गाढव घरी बसलं?"

"कोणी नाही गं. मीच समोरच्या बाईंना मत दिलं. शेजारीण आहे माझी. स्वतःच्याच नावापुढे फुली मारायची लाज वाटली."

माझं डोकं फिरलं, पण बाबांवर. "हे तुमचं शिक्षण! आधी दुसऱ्याला वाढा, आपलं ताट शेवटी! म्हणूनच तुम्ही फोरमनसाठी कधी नाव दिलं नाहीत. तुमच्या हाताखाली शिकलेला माणूस आज तुमच्यावर फोरमन आहे!"

मला वाटलं, आता ओरडतील. पण ते फोनजवळ सरकले. "मनू, चूक माझी आहे. पुढच्या वेळी फुली तुझ्याच नावापुढे. कळलं?"

"इन्शाल्ला, बाबा," ताई हसली.

जेवायला बसलो. मी घुश्शातच वरणाचं पातेलं उचललं, तर बाबांनी ताट पुढे केलं.

"आधी मला वाढ. सवय करतोय."

मी वाढलं. पण आई येऊन बसेपर्यंत त्यांनी घास काही उचलला नाही.