सुताचं दुसरं टोक

मंडळी, ऐका! आज एकच सवाल. माणसासारखं हुबेहूब काम यंत्राला जमलं – तर मग माणूस हवाय कशाला? हसू नका! अहो, उद्या माझ्या जागी इथं डबा ठेवाल – कीर्तनही करेल आणि बिदागीही मागणार नाही!

तर ऐका. शिरसवाडीत तुळाजी पेंटर. गावात कुणाचंही लग्न निघू द्या, दाराशेजारच्या भिंतीवर नवरा-नवरीची नावं रंगवायची तुळाजीनंच! रेघ कशी मारायचा? सूत निळीत बुडवायचं, दोघांनी दोन टोकं ताणून धरायची, चिमटीनं उचलून सोडायचं – टण्! रेघ तयार. दुसरं टोक कोण धरी? त्याची लेक वैजू. पाच वर्षांची असल्यापासून!

पुढं काय झालं? तुळाजीचा हात थरथरू लागला. आणि गावोगाव आले फ्लेक्स. आता काय – बारशाला फ्लेक्स, वाढदिवसाला फ्लेक्स, त्यावर गॉगल लावून आमचे भावी सरपंच! असो, ते पुढंच बसलेत.

वैजू तालुक्याला फ्लेक्सच्याच दुकानात कामाला लागली. पोर गुणाची हो! आबांनी रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढले, एकेक अक्षर कंप्यूटरात भरलं. बटन दाबलं की आबांचंच अक्षर! तिचं लग्न ठरलं, तेव्हा त्याच अक्षरात फ्लेक्स छापून घरी घेऊन आली.

"आबा, बघा! तुमचाच हात!"

तुळाजीनं पाहिलं. वेलांटी त्याची, वळण त्याचं. थरथर तेवढी नव्हती.

"झ्याक झालंय," म्हणाला. "आता ह्या हाताचं काय लोणचं घालायचं?"

आणि ब्रश फडक्यात बांधून माळ्यावर टाकले! अख्ख्या गावाच्या भिंती रंगवल्या, आणि पोटच्या पोरीची भिंत कोरी!

पोरीचं चुकलं का? नाही हो! मायेनंच केलं होतं. पण बापाचा चेहरा तिनं पाहिला होता. हळदीच्या दिवशी सकाळी माळ्यावर चढली, ब्रश काढले, सूत निळीत बुडवलं.

"आबा, टोक धरा."

"अगं, हात हलतो माझा."

"हलू द्या. कंप्यूटरला तुमचं अक्षर येतं, आबा. पण माझ्यासमोर उभं राहून टोक धरायला कोण येणार?"

म्हातारा उठला! दोघांनी सूत ताणलं. मंडळी, हात हलत होता – पण ताणलेलं सूत हलत नव्हतं! थरथरत्या चिमटीनं उचललं, सोडलं – टण्! रेघ सरळ! तिच्याखाली नावं लिहिली. जरा नाचरी आली अक्षरं. येऊ द्या! घरात लग्न होतं!

फ्लेक्स फेकला नाही हं. मांडवाच्या दाराशी लावला. पाहुणे तो वाचून आत येत, आणि भिंतीपाशी थांबत. पाठवणीला पोर बापाच्या गळ्यात पडली, तेव्हा मेंदीच्या बोटांवर नीळ होती. बापाच्याही.

आता तुमचं! गावाकडच्या आईला रोज मोबाईलवर फुलं पाठवता – सुप्रभात! पाठवा, चांगलंच आहे. पण शेवटचं तिच्यासमोर कधी बसलात? बाबांनो, ती अजून तिचं टोक धरून उभी आहे! सूत जमिनीवर पडलंय ते तुमच्या बाजूचं!

ओ निळे शर्टवाले, माझं चित्रीकरण पुरे. ठेवा तो फोन, आणि शेजारच्या आजोबांबरोबर टाळी धरा. म्हणा – विठ्ठल विठ्ठल!