मॅलकीचं एक मिनिट

छे हो, लाच कसली, बिस्किटं मी सगळ्यांनाच देते – आणि रेफ्री झाला म्हणून काय माणसानं घसा कोरडा ठेवायचा? घ्या. मी फक्त एक मिनिट मागतेय. खेळाआधी, माझ्या नवऱ्यासाठी, सगळ्यांनी मान खाली घालून एक मिनिट मौन. हो, मॅलकी टूहीच. – माहितीये मला, लीगवाल्यांनी तुम्हाला बजावलंय. या माणसासाठी इथं उन्हाळाभर मौन पाळून झालंय, आता पुरे. मंगळवारी तो खरंच गेला असं मी फोनवर सांगितलं, तर म्हणतात, बाई, तुमचा क्लब मागच्या वेळीही हेच म्हणाला होता. पण मागच्या वेळी तो जिवंत होता, त्याचं काय?

हसू नका. आमचं ड्रमकेल रोव्हर्स फर्स्ट डिव्हिजनमध्ये – फर्स्ट म्हणजे दुसरी, पहिली वेगळीच आहे, तिच्यात जायचं म्हणून तर हा सगळा जन्म – आणि मॅलकीनं इथला एक सामना कधी चुकवला नाही. आमचं लग्न शनिवारी का? शुक्रवारी सामना होता. हनिमून वेक्सफर्डला का? – रोव्हर्स तिथं खेळत होते! तर यंदा एप्रिलात माझ्या भाचीचं लग्न निघालं, तेही शुक्रवारी, मी त्याला ओढत नेलं, आणि हा केक कापायच्या आधी पळाला. तरी उशीर झालाच. इकडे त्याची जागा रिकामी. आमचा चेअरमन कोलमन गेराटी, त्यानं काय करावं? फोन करावा? – छे! मॅलकी आला नाही म्हणजे मॅलकी गेला, असं सगळ्या स्टँडनं एकमतानं ठरवलं. हा धापा टाकत पोचला, बघतो तर सगळे माना खाली घालून उभे. यानंही टोपी काढली. शेजारच्याला हळूच विचारलं, "कोण गेलं रे?" – "मॅलकी टूही." – "अरेरे, भला माणूस होता." – "भला कसला, कटकट्या होता नुसता." – मान वर करून बघायचं कोणी? मौन चालू होतं ना!

आणि त्या संध्याकाळी, फेब्रुवारीपासून एकही सामना न जिंकलेले आमचे दिवटे तीन-शून्यनं जिंकले.

रविवारी कोलमन घरी आला. "मॅलकी, ऑक्टोबरपर्यंत, सीझन संपेस्तोवर, मेलेला राहशील का?" म्हटलं, आता हा त्याला दारातूनच हाकलतो. तर आमच्या येड्याच्या डोळ्यांत पाणी! "अट्रॅक्टा, आयुष्यभर क्लबसाठी नुसता ओरडलो गं. पहिल्यांदा काही कामाला येतोय." मग काय, दर सामन्याआधी मौन, आणि मॅलकी नदीकडं, भिंतीच्या पलीकडं – मेलेल्याला आत कसा सोडणार? बाहेर पडलेले चेंडू तेवढे परत फेकायचा. पाहुण्यांचा गोलकीपर "थँक यू" म्हणाला की आमचे लोक गंभीर – कोणाला म्हणतोस बाबा, तिकडं कोणी नाही. माझं हे चहाचं खोपटं त्याच भिंतीला टेकलेलं, मागच्या झरोक्यातून मी त्याला चहा द्यायचे. स्टँड गर्जलं की हा झरोक्यातून विचारायचा, "कोणी मारला गं?" आता मला काय माहीत, माझी खिडकी गाड्या लावतात तिकडं! तोंडाला येईल ते नाव सांगायचे. "ब्रॉफीनं." – "शाब्बास रे ब्रॉफी!" – ब्रॉफी आमचा गोलकीपर आहे.

सप्टेंबरात पावसानं झोडपलं. खोकला धरला. म्हटलं, आता जिवंत हो की रे, छपराखाली येऊन बस. "तिसऱ्या नंबरवर आहोत गं, आत्ता कसा होऊ?"

आणि मंगळवारी झाला पुरा. घरी सगळं रीतीनं केलं – मधल्या खोलीत उघडी शवपेटी, चहा, हॅमचे सँडविच, गाव लोटलं – पण एकाच्याही डोळ्यांत टिपूस नाही. कोलमननं तर वाकून त्याला डोळा मारला. "शाब्बास मॅलकी! शुक्रवारपर्यंत असाच राहा." मी काय करणार? मी बोलत राहिले. सँडविचबद्दल, पावसाबद्दल – काल त्याला पुरला तेव्हाही बोलत होते, आत्ताही बोलतेच आहे, कारण थांबले की – तो म्हणायचा, "सगळं मैदान माझ्यासाठी गप्प असतं, एक तूच नाहीस. झरोक्यातून तुझी टकळी ऐकू येते." येणारच! मी कशाला पाळू मौन? माणूस मागं उभा राहून माझाच चहा पितोय. – आजही ओतला बघा, तो तिथला. तीन चमचे साखर. हाताला कोण सांगणार?

आज जिंकलो तर वर जाऊ म्हणतात. जाऊ देत नाहीतर राहू देत. मला त्याचं काही नाही. मला फक्त एकदा –

जाऊ दे. तुम्ही नियमाचा माणूस. जा, बूट ओले होतायत. – अहो, जा ना. घड्याळाचं बटण कशाला दाबलंत? – इथं? चहाच्या खिडकीपुढं? पावसात कसली मान खाली घालून उभा राहिलास रे तू पोरा –

बरं. थांब, किटली बंद करते.

हं.