नातीच्या गाण्यात म्हैस कशी आली

चहा घ्या, पण हसू नका. आमच्या घरात या गोष्टीवर हसाले बंदी हाये.

माही नात पूनम अकोल्याच्या कॉलेजात शिकते. तिच्या सरानं गाण्याचा व्हिडिओ कराले सांगतला. अट अशी, का आधी लोकाईले काय पाह्याले आवडते ते विचारा, मंग तसाच प्लॅन करा, नाही तं मार्क कापतो.

पोरगी कौंडण्यपूरले आमच्या घरी आली. तिच्या मनात नदीचा घाट, हिरोईन अन् हवेत उडणारी ओढणी. म्या पारावरच्या समद्या बुढ्याईले आधीच शिकवून ठेवलं, "म्हैस मांगा."

समद्याईनं म्हैसच मांगतली.

पूनम रडकुंडीले आली. "आबा, आता हिरोईनच्या जागी म्हैस घ्या लागते!"

"घे न मंग. घरचीच घे."

पण आमची म्हैस माह्या बुढीशिवाय, म्हंजे पूनमच्या आजीशिवाय, कोणालेच जवळ येऊ देत नाही. अन् बुढी म्हणे, "मी कॅमेऱ्यापुढं येत नसतो. तुमी माहं लुगडं नेसा, माह्या वासावर म्हैस येईन तुमच्या मांगं."

"मी?"

"नाही तं काय! पोरीचे मार्क जातीन न."

नेसलो. तोंडावर पदर घेतला अन् गाणंभर घाटावर चाललो. म्हैस गुमान मांगं.

निकालाच्या दिवशी पूनमचा फोन आला. मार्क पैकीच्या पैकी. मंग सर सोता बोलले, "काका, त्या लुगड्यातल्या बाई कोण हो? काय ठसक्यात चालतात!"

बुढीनं माह्या हातातून फोन घेतला. म्हणे, "माही सवत हाये, सर."