अंड्याएवढे तीन बटाटे

…न्हाई, न्हाई, तुमी आदी मला ह्ये सांगा, बटाट्यानं काय केलंय हो? कुनाच्या बापाचं खाल्लंय का त्येनं? गप जमिनीखाली पडून असतो बिचारा, बोलत न्हाई, चालत न्हाई, आन् आजकाल बगावं तर ज्येच्या त्येच्या तोंडात त्येच्याच नावानं बोंब! पोट सुटलं, बटाटा! धाप लागली, बटाटा! अरं, सदुसष्ट वर्सं झाली मला, ड्रेन्ट परगण्याच्या ह्या काळ्या मातीत जन्मलो, माजा बा बटाटे लावायचा, त्येचा बा लावायचा, मी लावतो, आन् तो शेजारचा लाम्मर्ट मला सांगतो, "हार्म, बटाटा सोड." बटाटा सोड! सरळ श्वास सोड म्हन की भाड्या!

थांबा, असं न्हाई कळायचं तुमास्नी. पयल्यापासनं सांगतो.

आमची गेझीना. माजी बायको. एकेचाळीस वर्सं झाली लग्नाला. तिच्या दोनी किडन्या गेल्या. आठवड्यातनं तीनदा टॅक्सी येती दारात, तिला शहरात नेती, आन् तितं चार चार तास मशिनीला बांधून ठेवत्यात. रगत बाहेर काडायचं, धुवायचं, परत आत घालायचं. कापडं धुतल्यावानी! आन् घरी येती तवा दिसती बी तशीच… पिळून तारंवर टाकल्यागत. मला बगवंना. मी डागदरला म्हनलं, "माजी घ्या की एक! मला दोन हायत, एकीवर माजं भागतंय." हसला तो. रगत तपासलं, सगळं जुळलं. मला वाटलं आता टेबलावर घेतोय. तर कागद खाली ठिवून म्हनतो कसा, "किडनी उत्तम आहे हो तुमची. पण तिच्याभोवती तुम्हीच फार आहात."

एकशे अठ्ठावीस किलो! एकशे पाचच्या खाली या, म्हनला, मग बघू. तेवीस किलो वो! तेवीस किलो म्हंजी बटाट्याचं एक पोतं बी न्हाई. तरनेपनी असली दोन खांद्यावर टाकून मी पळायचो. पन खांद्यावरचं टाकून देता येतं, आतलं कुटं टाकायचं?

त्येनं चिठ्ठी दिली, आहाराच्या बाईकडं जा म्हनून. ती मी गाडीच्या कप्प्यात कोंबली. का म्हंजी? सव्वीस वर्सांची पोरगी मला शिकवनार, काय खायचं? त्यापरीस आमचा लाम्मर्ट हाय की! माज्यापेक्षा एक बुक जास्त शिकलाय. कॉफी पित पित म्हनला, "हार्म, पिठूळ तेवढं बंद कर. पाव बंद, बटाटा बंद. माज्या मेव्हन्यानं अकरा किलो घालवलं, निस्ती अंडी, चीज आन् डुकराच्या तळलेल्या पट्ट्या! पिठूळ गेलं की चरबी मेनबत्तीवानी वितळती."

मेनबत्तीवानी! मला पटलं वो. चीज खायला कुनाला नको वाटंल?

आन् तसाबी घरातनं बटाटा गेलाच व्हता. गेझीनाला बंद. पोटॅशियम का काय असतंय त्यात, ते म्हनं मशिनीवरच्या मानसाच्या काळजाला झेपत न्हाई. खायचाच तर बारीक चिरून भिजवा, पानी फेका, दुसऱ्या पान्यात उकडा, ते बी फेका, मग उरंल ते खा. उरतंय काय, डोंबल? गेझीनानं एक घास घेतला आन् चमचा खाली ठिवला. म्हनली, "हार्म, ह्यो बटाटा न्हाई, बोळा हाय. मी बी धुऊन येती, आन् ताटात बी धुतलेलंच व्हय?" परत मागितला न्हाई तिनं. शेडमदी नव्वद टन माल पडलेला, आन् घरात दोन मान्सं बिनबटाट्याची! रोज सकाळी कॉफी झाली की दुपारच्या जेवनाचे बटाटे सोलायचं काम माजं. एकेचाळीस वर्सं. आता वाजायचे धा, आन् माजा हात आपुआप सुरीकडं जायचा. सोलायचं काय? मंग मी त्या सुरीनं चीज कापायचो. बटाट्यानं काय केलंय हो, का त्येला असं घराबाहेर काडावं?

तर, लाम्मर्टचं ऐकलं. मार्च, एप्रिल, मे… अंडी, चीज, पट्ट्या, परत अंडी. पोट धरून बसायची वेळ आली. डोकं दुखायचं, राग तर असा, जनावराच्या डागदरला म्या चिखलात ढकलला, आन् तो निस्ता नमस्कार करायला आलता! घरचा काटा एकशे वीसच्या म्होरं जात न्हाई, म्हनून शेडमदल्या पोत्याच्या काट्यावर उभं ऱ्हायचं, डाव्या बाजूला पोती, उजव्या बाजूला पोती, आन् मधी मी. लाम्मर्ट आकडा वाचायचा आन् इचारायचा, "बारदान वजा करू का?" हसत्यात सगळी! पयल्यांदा चार किलो उतरलं. मंग सहा चढलं.

चडनारच की! आता खरं सांगतो, लाम्मर्टला बी सांगितलं न्हाई अजून. टॅक्सी गेझीनाला घिऊन वळली की मी भांडं चढवायचो. मोठं भांडं. बटाटा उकडायचा, ठेचायचा, मधी चमच्यानं खळगा करायचा, आन् त्यात मांसाच्या रश्श्याचं तळं. वरनं लोनी. उभ्यानं खायचो, चोरावानी, माज्याच घरात! सगळ्या खिडक्या उघड्या, वास जावा म्हनून. येक डाव ती आली, कोट बी काडला न्हाई, दारातच नाक वर केलं.

"खिडक्या का उघड्या?"

"उकडत व्हतं."

"व्हय," म्हनली, "वास येतोय उकडल्याचा."

आन् खिडकीपशी जाऊन बसली. बाहेर बगत. मला वाटलं, शिव्या घाल की बये! दे भांडं टाकून डोक्यात! न्हाई.

ऑक्टोबरात तिलाच गाडीत ती चिठ्ठी घावली. रुमाल हुडकत व्हती. सात महिने जुनी चिठ्ठी! म्हनली, "हार्म, मला जगवायचं तुज्या मनात हाय, का लाम्मर्टच्या मेव्हन्याला इचारून सांगतोस?" असं बोलती ती. हळू बोलती आन् हाडात लागतं.

गेलो मंग. रेन्स्क नावाची पोरगी, चष्मा केवडा! म्हनली पंदरा दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहा. लिवलं. एक बी खोटं न्हाई. तिनं वही वाचली, मला बगितलं, परत वही बगितली. "हार्म काका, ह्याच्यावर तर तुम्ही आतापर्यंत उपाशी मरायला हवं होतं. ह्यात बटाटाच नाही कुठे?"

"बटाटा कशाला लिव्हायचा?"

"खाल्लात ना?"

"अगं पोरी, तू खाल्लेलं लिव्ह म्हनलीस! बटाटा म्हंजी खानं व्हय? ते जेवान हाय! त्येच्यासंगं खाल्लेलं सगळं लिवलंय की! गाजर लिवलं, सॉसेज लिवलं… श्वास किती घेतला ते बी लिव्हू का?"

"किती खाता?"

"भांडंभर."

"केवढं भांडं?"

मी हात रुंद करून दावलं, वरचं लोनी आन् मधलं रश्श्याचं तळं बी सांगितलं. आन् शेजारी बसलेली गेझीना… हसाय लागली. आदी हळू, मंग डोळ्यात पानी येऊस्तवर. मशिनीला लागल्यापासनं पयल्यांदा हसली वो. मंग म्हनली, "आता खिडक्या कशाला उघड्या व्हत्या, ते बी सांग की तिला!" तिला पयल्यापासनं ठावं व्हतं सगळं!

आन् ती पोरगी काय म्हनली म्हाईत हाय? म्हनली, "बटाटा खा की! उकडलेला खा, पोट भरतं त्यानं. वजन बटाट्यानं नाही वाढलं काका, त्यावरच्या लोण्यानं वाढलं, तळ्यातल्या रश्श्यानं वाढलं, आणि ते चीज! अंड्याएवढे तीन बटाटे, रोज."

"कोंबडीच्या का बदकाच्या?"

"कोंबडीच्या."

सात महिने! सात महिने मी बटाट्याला शिव्या घातल्या, आन् बटाट्यानं काय केलंय हो? काय बी न्हाई! सात महिने त्येच्यावर आळ घेतला मी!

मंग मातूर धरलं मी नीट. तीन म्हंजी तीन, चौथ्याला हात न्हाई. लोनी न्हाई, रस्सा न्हाई, वरनं निस्ता व्हिनेगर आन् कांदा. रोज घरामागच्या तळ्याभवती चालायचं, थंडीत, बर्फात, पाय वाजवत. गेझीना खिडकीतनं बगायची, हात हलवायची. नाताळाला एकशे एकवीस. मार्चला एकशे बारा. लाम्मर्ट काट्यापशी टोपी काडून उभा ऱ्हायला लागला. जूनच्या पयल्या आठवड्यात, एकशे चार! मी त्या शेडमदी असा वरडलो, पोत्यांच्या मागची कबुतरं उडून गेली.

दवाखान्यात गेलो दोघं. नवा शर्ट घातला मी. जुना आंगावर तंबूगत लोंबाय लागलेला. डागदरनं मला तपासलं. "वा, तुम्ही अगदी तयार आहात." आन् मंग गेझीनाचे कागद काडले. ते लई येळ बगत बसला. एप्रिलात तिच्या काळजानं दोनदा दगा दिला व्हता, ठावं व्हतं मला, पन गोळ्या दिल्या, घरी धाडलं, मला वाटलं झालं. डागदर म्हनला, "हृदय आता एवढं मोठं ऑपरेशन पेलणार नाही."

मी इचारलं, "आन् मी गेल्या नोव्हेंबरातच असा उतरून आलो असतो तर?"

आमच्याकडं डागदर खोटं बोलत न्हाईत. असल्या वक्ताला बोलावं हो जरा!

"तर केलं असतं," म्हनला.

मार्चात चिठ्ठी मिळाली तवाच त्या पोरीकडं गेलो असतो, तर नोव्हेंबरात तेवीस किलो गेलं असतं. मला बोटावर मोजता येतंय, तेवढी बुकं झाल्यात माजी. चीज खात बसलो व्हतो मी. डुकराच्या पट्ट्या!

डागदर तिला म्हनला, आता फार कडक पाळू नका, अधनंमधनं मनाला येईल ते थोडं खा. तिला कळलं त्येचा अर्थ काय ते. मला गाडी चालू करूस्तवर कळंना. वाटंत म्हनली, "हार्म, नवे बटाटे निघालं आसतील न्हवं?"

निघालते. सालीवर अंगठा फिरवला की साल हातात येती, असले. सोलायला दोन मिंटं लागली न्हाईत. तिनं सांगितलं, एकाच पान्यात उकड. लोनी घाल. घातलं. तिनं दोन खाल्लं, डोळं मिटून, आन् तिसरा माज्या ताटात ठिवला, मधी खळगा केला, रस्सा वतला. "खा की म्हाताऱ्या," म्हनली, "आता तुला कोन इचारतंय?"

म्या सांगितलं तिला, माज्यामुळं झालं सगळं. म्हनली, "ठावं हाय. खा, गार व्हतंय."

बटाट्यानं काय केलंय हो… त्येनं काय बी केलं न्हाई. जे केलं ते म्याच केलं.

परवा त्या चष्म्याच्या पोरीचा फोन आलता. "काका, वजन कसं आहे? आता थांबायला हवं, व्यवस्थित खा." मी म्हनलं, खातोय की. लोनी खातोय, चीज खातोय, रस्सा खातोय, गेझीना वाढती, मी खातो. अठ्ठ्यान्नव झालंय. "मग करताय तरी काय?" म्हनली.

काय बी करत न्हाई, पोरी. आता ते उतरून कुनाला बी उपेग न्हाई ना… म्हनून उतरतंय.