काखेतली पहिली गाठ

तंजावूरच्या रुग्णालयात साईप्रिया सुईत औषध भरत होती. नर्सला फक्त तमिळच येत असणार, अशा समजुतीनं पलंगावरून हिराबाई नवऱ्याशी, रंगरावांशी, मराठीत कुजबुजत होत्या.

“कॅन्सर छातीत, मग काखेत यंत्र कशाला फिरवणार?”

“काखेत सगळ्यांनाच बारीक गाठी असतात. हे औषध त्यातल्या ज्या गाठीत आधी पोचेल, ती यंत्रानं शोधतात. रोग तिथवर गेलाय का, ते तपासायला.”

“गेलाय. तुम्ही लपवताय.”

“देवाशपथ नाही गं.”

“मग काल डोळे का पुसत होता?”

रंगराव चष्म्याची काच पुसू लागले.

“ह्या पोरीलाही ठाऊक असणार. बघा, नजर चुकवतेय.”

साईप्रियानं मान वर केली. “अक्का, अजून कुणालाच ठाऊक नाही,” ती घरच्या तंजावुरी मराठीत म्हणाली.

हिराबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

“आधी ह्यांना बाहेर पाठव. मग खरं सांग.”