नाव एक, दम वेगळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे मालक आदरणीय चंद्रप्रकाश सर, प्रमुख पाहुण्या आणि घाटकोपरच्या सोसायटीच्या सेक्रेटरी माननीय प्रेमाताई, व्यासपीठावरील मान्यवर, मुलुंड ऑफिसातले माझे सहकारी, आणि पहिल्या रांगेतून "आटपा" अशी खूण आत्तापासूनच करणारी माझी पत्नी शुभा, सर्वांना या विद्याधर परबचा नमस्कार.

शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. म्हणजे मी नोकरीतून रीतसर गेलो. उद्यापासून मला कुणी मेमो देऊ शकत नाही. मग थोडं खरं बोलायला काय हरकत आहे?

माझ्या उजव्या हाताला टेबलावर एक लॅपटॉप आणि एक डेस्कटॉप ठेवलाय. सर, तुम्हाला वाटलं असेल माझ्या फोटोंचा स्लाइड शो आहे. माझे फोटो बघण्यासारखे असते तर शुभानं घरी एखादा तरी लावला असता. ती दोन्ही मशीन काम करतायत. समया पेटल्या तेव्हा आपल्या यज्ञेशनं दोन्हींवर एकच फाइल सुरू केली. प्रेमाताईंच्या नव्या इमारतीची. वारा, भूकंप, आणि गणपतीत गच्चीवर नाचणारी मंडळी, एवढं सगळं ती इमारत पेलेल का, याचा हिशेब.

आता हा खटाटोप कशासाठी? ती शेवटच्या रांगेत, खांबाआड बसलीय ना, ती रुचिरा. प्रोबेशनवर आहे. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते सर सोमवारी ठरवणार आहेत. तक्रार काय, तर पोरगी ढिली आहे, हिशेब उशिरा देते. ही तक्रार केली कुणी? जाऊ द्या, पाहुण्यांचं नाव व्यासपीठावर घेऊ नये.

सरांनी तिला माझ्यादेखत विचारलं, "परबांच्या डेस्कटॉपमध्ये जो प्रोसेसर, तोच तुझ्या लॅपटॉपमध्ये. मग त्यांचं काम दुपारी होतं, तुझं संध्याकाळी का?" ती बिचारी नंतर मला म्हणाली, "काका, मी काय करू यार? सुरुवातीला पळतो, मग बसतोच. हात लावला तर चटका बसतो." मी हात लावून पाहिला. म्हटलं, "गे बाय, ह्याच्यार आंबोळी घाल."

मंडळी, स्टिकरवरचं नाव सारखं असलं म्हणजे दम सारखा नसतो. लॅपटॉपमधल्या प्रोसेसरला वीज बेताचीच मिळते, आणि तापला की तो जळू नये म्हणून आपणहून मंद होतो. डेस्कटॉपच्या डब्यात हवा खेळते, पंखा दांडगा असतो. तो दिवसभर एकाच वेगानं राबतो. लॅपटॉप वाईट नाही हो. मेल पाठवा, साइटवर नकाशा दाखवा, झकास. लाइट गेली तर माझा डेस्कटॉप जागच्या जागी आडवा होतो आणि तो पठ्ठ्या चालू राहतो. पण अख्खी इमारत त्याच्या उरावर ठेवायची आणि उशीर झाला म्हणून मुलीला बोल लावायचा, हा कुठला न्याय?

हे मी सरांना केबिनमध्ये सांगितलं. सर म्हणाले, "परब, चार माणसांसमोर सिद्ध करा, मी तिला कायम करतो." चारच कशाला, म्हटलं हॉलच भरलाय.

अन्याय नको म्हणून लॅपटॉपला चार्जर लावलाय, खाली स्टँड दिलाय, आणि व्यासपीठावरचा एकुलता एक टेबलफॅनही त्याच्याकडे वळवलाय. प्रेमाताई मघापासून पदरानं वारा घेतायत, त्याचं कारण हे.

यज्ञेश, डेस्कटॉपचं काय रे? कधीच झालं? कधी? ताई लिफ्टबद्दल बोलत होत्या तेव्हा. बरं, आणि लॅपटॉप? अजून अर्ध्यावर. सर, उठून बघा ना. हात लावू नका पण, भाजेल.

सर हसतायत. मानही हलवतायत. सर, मानेचं काही खरं नसतं, शेवटच्या रांगेपर्यंत ती दिसतही नाही. हा माईक घ्या. एकच शब्द बोला.

ऐकलंस, रुचिरा? कायम. आता खांबाआडून बाहेर ये. सोमवारपासून माझ्या टेबलावर बसायचं, माझं मशीन वापरायचं. पंख्याची जाळी तेवढी पुसत जा, बाई, धुळीनं त्याचाही जीव गुदमरतो. आणि रडू नकोस. तू रडलीस तर मीही रडेन, आणि डोळे पुसायला माझ्याकडे ही शालच आहे; भाड्यानं आणलेली नसावी म्हणजे झालं.

सर, मनापासून आभार. इतकी वर्षं तुम्ही मला सांभाळलंत, आज भरल्या सभेत सहनही केलंत. प्रेमाताई, फॅन आता तुमच्याकडे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. ती चार माणसं केबिनमध्ये बोलावून हे हळू आवाजातही मागता आलं असतं. पण सोमवारी त्या केबिनमध्ये ती एकटी असती, आणि मी नसतो. म्हणून आजच, तुम्हा सगळ्यांदेखत मागून घेतलं.