नारळ शाबूत, तोफ फुटली

अगं, माझी फजिती ऐक. खाडीकाठी पोर्तुगीज काळातला किल्ला आणि त्यातलं गाव नव्याने बांधलंय ना, तिथे आम्ही गेलो. आमची परी आत्ताच पळायला लागलीय, त्यामुळे पाणी दिसताच मी तिला कडेवर घेतलं. सासूबाईंनी बजावलं होतं, "आधी जागेच्या राखणदाराला नारळ फोड, मगच पोरीला पाण्याजवळ ने."

दगड कुठे दिसेना, म्हणून मी नारळ तिथल्या तोफेवर आपटला. नारळ शाबूत राहिला आणि तोफेला भोक पडलं!

वॉचमन धावत आला. "अवो ताई, फायबरची हाय ती!"

"मला लोखंडाची वाटली हो."

"लोखंडाची असती तर कदीच कळंबोलीला भंगारात गेली असती!"

आमच्या ह्यांनी गुपचूप परीला माझ्या कडेवरून घेतलं. म्हणाले, "पाण्याचं मी बघतो. तुझ्या हाताचा भरवसा नाही."